रक्ताची गरिबी

सफागा, ३ ऑक्टोबर १९९३

इन्साफताई,

सलाम. तुला, सलमाला आणि भाऊजींच्या खोकल्यालाही. घरात सगळ्यात मोठा आवाज त्याचाच, त्याला वगळून कसं चालेल.

मी बरा आहे. म्हणजे उभा आहे. इथून तांबडा समुद्र ओलांडून जेद्द्याला जाणाऱ्या जहाजावर रंगाऱ्याचं काम मिळतंय. गंज खरवडायचा, रंग मारायचा, आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा गंज. मला असलंच काम आवडतं, संपत नाही आणि जागेवरही थांबत नाही. पण जहाजावर घ्यायच्या आधी डॉक्टरपुढे उभं करतात, बाजारात बैल उभा करतात तसं. शेपटी उचलून बघितली नाही एवढंच. बोटातून रक्त घेतलं आणि दुपारी कारकून दारात येऊन सगळ्यांसमोर ओरडला, "शहाता! कोण रे शहाता? रक्ताची गरिबी!"

रांगेतले सगळे खो-खो हसले. पोरं जगत नाहीत, नजर लागते, म्हणून आईने माझं नावच शहाता, म्हणजे भिकारी, ठेवलं ना? चला, आता रक्तसुद्धा नावाला जागलं. गल्लीत म्हणायचेच सगळे, शहाता हलक्या रक्ताचा, बसला की हसवतो. आता सरकारी शिक्का मिळाला.

तू घाबरू नकोस. डॉक्टर म्हणाला, लहानपणी कालव्यात डुंबलास का? म्हटलं, हो, रोज. मग बिल्हार्झियाच, पाण्यातले जंत अंगात शिरून रक्त खातात, म्हणाला. आपल्याकडे कुणाला काहीही झालं की कालवाच. गोळ्या दिल्या आणि म्हणाला, रक्त वाढवून ये, जागा ठेवतो. म्हणजे खाल्लं-प्यायलं की झालं.

काय सांगत होतो? हां, इथे एक सोमाली खलाशी आहे. त्याच्याकडे पोपट आहे आणि तो पोपट फक्त शिव्या जाणतो, त्याही इटालियन. तासभर ऐकत बसलो होतो, म्हणून पत्र टाकायला उशीर झाला.

सलमाच्या रुखवताच्या फ्रिजसाठी थोडे पैसे पाठवलेत. नाही म्हणू नकोस, मामाचा हक्क आहे.

तुझा शहाता


कफ्र अल्-हल्फा, १४ ऑक्टोबर

शहाता,

पोपटाचं पुरे. तू कालव्यात कधी उतरलास रे? अख्खा गाव पाण्यात असायचा आणि तू काठावर माझ्या झग्याचं टोक धरून उभा, पाय भिजले तरी भोकाड पसरायचास. बापू तुला "मांजर" म्हणायचे ते उगाच? डॉक्टरला थापा मार, मला नको. त्या गोळ्या घेतल्यास की फेकल्यास?

रक्त कमी होतं ते न खाल्ल्याने. तू खातोस काय ते मला ठाऊक आहे, चहा आणि चहाबरोबर चहा. जेवणावर लगेच चहा ढोसलास की अन्नातलं सगळं वाया जातं, हे आमच्या दवाखान्यातली बाई दर आठवड्याला कंठशोष करून सांगते. कलेजी खा. बैलाची परवडत नसेल तर कोंबडीची खा. सकाळी भाकरीवर उसाचा काळा मध घाल. मसूर शिजव, वर लिंबू पिळ. तुला एवढं सांगावं लागतं म्हणजे हद्द झाली, तेवीस वर्षांचा घोडा तू.

फ्रिज घेतला. सलमा दिवसातून दहा वेळा त्याचं दार उघडते आणि आतला दिवा लागतो का बघते. आत काहीच नाही, पण दिवा लागतो.

एक विचारते, रागावू नकोस. तुझं अक्षर असं का झालंय? ओळी खाली-खाली उतरत जातात.

इन्साफ


कुसैर, २ नोव्हेंबर

ताई,

पत्ता बदलला. आता कुसैर. सफाग्यात वारा फार, डोकं दुखायचं. शिवाय तिथला मुकादम हलकट होता. शिवाय सोमाल्याचा पोपट मेला. तुला कुठलं कारण हवं ते घे.

इथे दवाखाना चांगला आहे. डॉक्टर बाई आहे, इव्हेत नावाची. असियूतची, ख्रिश्चन, आवाज असा की शाळेच्या घंटेची गरजच नाही. तिने लोहाच्या गोळ्या दिल्या. काय खातोस, चहा किती पितोस, सगळं विचारलं. तुझं आणि तिचं पटेल. दोघी मिळून माझं भरीत कराल.

मी खातोय, खोटं नाही. इथे मासे स्वस्त आहेत, आणि घेवड्याची उसळ तर सगळीकडेच मिळते. महिना होत आला, पण परवा पुन्हा रक्त तपासलं तर काटा जागचा हललेला नाही. बाई कागद बघून म्हणाल्या, "शौचातून जातंय का? उलटीतून? नाकातून?" सगळ्याला नाही म्हटलं. "मग बाळा, बादली भरतेय पण पाणी वर येत नाही, म्हणजे भोक कुठे तरी आहे." म्हणाल्या, कपडे काढून नीट तपासू. मी म्हटलं, आज काम आहे, उद्या येतो. उद्या गेलो नाही. जाईन.

पायऱ्या चढताना छाती धडधडते. इथे बोटी रंगवायचं काम मिळालंय, त्या शिडीवर काल डोळ्यांपुढे काळोख आला. खाली वाळूच होती. जेद्द्याचं जहाज महिनाअखेरीला इथे लागतंय, तोवर रक्त वर यायलाच हवं, नाहीतर ती जागा दुसऱ्याला.

बंदरावर एक गाढव आहे, तीन पायांवर उभं राहतं, चौथा नेहमी वर. लोक म्हणतात दुखतो. मला वाटतं ते निघायच्या तयारीत असतं.

शहाता


कफ्र अल्-हल्फा, १५ नोव्हेंबर

माझ्या भावा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय.

बरकात आला होता, कांद्याच्या ट्रकवाला. तो म्हणाला, सफाग्यात शुक्रवारी मशिदीबाहेर तू भेटलास. "आत चल," म्हणाला तर तू टाळत होतास. त्यानेच ओढत नळावर नेलं. वजूचे हात-पाय धुवायला बाही कोपरापर्यंत सारली तेव्हा त्याला दिसलं. त्याने विचारलं तर तू चप्पलही न घालता निघून गेलास. दुसऱ्या दिवशी सफाग्यात तू नव्हतास.

म्हणजे वारा नव्हता, आणि मुकादमही नव्हता.

शहाता, मी सगळं जुळवलं. हातावर खुणा, अंगात रक्त नाही, आणि दर महिन्याला माझ्याकडे पैसे येतात. कैरोत इस्पितळांच्या दारात पोरं उभी असतात, बाटलीमागे पैसे घेऊन रक्त विकतात, मला ठाऊक नाही का? हमामवाल्याचा पोरगा असाच खंगला. तू माझ्या पोरीचा फ्रिज स्वतःच्या रक्ताने भरलास!

वेड्या, आम्ही मागितलं होतं का? त्या फ्रिजपुढे मी काल जमिनीवर बसून रडले. तुझे भाऊजी बाहेर जाऊन खोकले, म्हणजे तेही रडले.

आता एक पै पाठवू नकोस. रक्त देऊ नकोस. तुला माझ्या दुधाची शपथ. आई गेली तेव्हा तू माझ्याच अंगावर वाढलास, सलमाच्या बरोबरीने, म्हणून ही शपथ मला घालता येते.

अख्ख्या गल्लीला सांगितलंय मी. सांगायलाच हवं होतं. तुला भटक्या म्हणत होते ना? आता सगळ्यांच्या माना खाली आहेत.

इन्साफ


कुसैर, २४ नोव्हेंबर

ताई,

हो. तेच. विकलं.

आता नाही विकणार. शपथ मोडत नाही. रडू नकोस, फ्रिज वापरा, त्यात काही तरी ठेवा, टरबूज ठेवा.

जास्त लिहीत नाही, शाई संपत आलीय.

शहाता


कफ्र अल्-हल्फा, २ डिसेंबर

शहाता,

तू हो म्हणालास ते बरं केलंस, आणि वाईटही.

इथे तू आता संत झालायस. सलमाची होणारी सासू स्वतः भरलेलं बदक रांधून घेऊन आली. म्हणाली, "ज्या पोरीचा मामा असा, ती पोर आमच्या डोक्यावर." शुक्रवारी नमाजानंतर इमामांनी नाव न घेता तुझी गोष्ट सांगितली. सगळ्यांना कळलं कोण ते. बरकात सगळीकडे सांगत फिरतोय, मी डोळ्यांनी पाहिलं.

पण सलमा जेवत नाही. फ्रिजचं दार उघडायचं तिने सोडलं. काल माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "हे सामान परत करा, नाहीतर साखरपुडा परत करा. मामाचं रक्त घरात मांडून मी संसार करणार नाही." सासूला आधी कौतुक वाटलं, आता ती चिडलीय, म्हणते पोरगी अपशकुनी बोलते. दोन्हीकडून मीच भरडली जातेय. तूच लिही तिला. लिही, की पैसे हलाल होते, तुझ्या मर्जीचे होते, मामा आनंदात आहे. तुझं ऐकेल. तुम्ही दोघं एकाच दुधाचे, एकाच हट्टाचे.

आणि तुझ्या त्या डॉक्टरबाईंनाही मी पत्र टाकलंय. लिहिलं, माझा भाऊ रक्त विकतो, त्याच्याकडून कुणाला घेऊ देऊ नका, मी तुमचे हात चुंबते. रागाव हवं तर.

जहाजाचं काय झालं?

इन्साफ


कुसैर, १२ डिसेंबर

ताई,

सलमाला लिहायला बसलो. "पैसे हलाल होते" इथपर्यंत लिहिलं, आणि हात थांबला. पैसे हलालच होते. रंगाचे होते, गंजाचे होते. रक्ताचे नव्हते. मी रक्त कधीच विकलं नाही, ताई. एक थेंबही नाही.

आता हे वाचून तू उठशील, एक फेरी मारशील, पुन्हा बसशील. बस. मी थांबतो.

तुझं पत्र इव्हेतबाईंना मिळालं. त्यांनी चहावाल्याकडे निरोप ठेवला, "शहाताला म्हणावं, पळून गेलास तरी बंदर एवढंसंच आहे." गेलो. दार लावलं त्यांनी. पत्र टेबलावर.

"हे खरं?"

"हो, बाई."

"कुठे विकलंस?"

"सफाग्यात... कुसैरमध्ये... इकडे तिकडे."

"कुसैरमध्ये रक्त घेणारी मी एकटी आहे, आणि मी तुझ्याकडून फक्त तपासणीपुरतं घेतलंय. त्याचेही तू नखरे केलेस."

मी हसलो. मला वाटलं हसवलं की सुटेन. तसाच सुटत आलोय आजवर. म्हटलं, "बाई, गरिबाचं रक्त कोण घेतं, नावच भिकारी." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "विकणाऱ्यांचे हात मी खूप पाहिलेत. बाही वर कर, पोरा. ओरडणार नाही, कुणाला सांगणार नाही. रक्त कुठून जातंय ते कळल्याशिवाय मी गोळ्या देत राहायचं आणि तू एक दिवस शिडीवरून दगडावर पडायचं, हा धंदा मला जमणार नाही."

बराच वेळ मी खिडकीकडे बघत होतो. बाहेर एक बाई कोळंबी विकत होती आणि भाव खाली आणत होती, एकटीच, गिऱ्हाईक नसताना. मग मी बाही वर केली.

ताई, ते मीच करतो. स्वतःला. कुणी दुसरं नाही.

कसं, कुठे, ते नाही लिहीत, तू विचारूही नकोस. सैन्यात होतो तेव्हापासून. का, ते मला सांगता येत नाही. सांगतो तेवढं असं, आत काही तरी धावत असतं. गाव बदललं तर थोडे दिवस तेही दमतं, मग पुन्हा धावायला लागतं. मग ते केलं की क्षणभर थांबतं. नंतर लाज. लाज त्याच्याहून जोरात धावते. आणि कुणी बघितलं की मी गाव सोडतो. तू म्हणायचीस ना, शहाताच्या पायाला भिंगरी. भिंगरी नाही, बाही होती. पोर्ट सईद, इस्माइलिया, सुएझ, सफागा, प्रत्येक ठिकाणी कुणी तरी बघितलं.

तू "विकतोस का" म्हणालीस तेव्हा मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. एवढी चांगली थाप मला स्वतःला सुचली नसती. कालव्याची थाप गेली, पण ही तर तूच हातात दिलीस, वर संतपद. मला वाटलं आयुष्यभर हेच पांघरून फिरेन. पण सलमा उपाशी बसलीय ती माझ्या खोट्यापायी. तिला सांग, मामा खोटं बोलला. फ्रिजवर रक्ताचा डाग नाही. तिला जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं सांग. गल्लीला मात्र नको सांगूस, जमलं तर.

बाई ओरडल्या नाहीत. जखमांवर औषध लावलं, दोन ठिकाणी नीट बांधलं. म्हणाल्या, "रक्त मी भरीन, ते सोपं आहे. जे धावतंय त्याच्यासाठी किना शहरात नसांचा डॉक्टर आहे, त्याच्याकडे जायचं. आणि फार धावायला लागलं तर तोपर्यंत इथे यायचं, दार वाजवायचं. रात्र असली तरी." मी म्हटलं, नसांच्या डॉक्टरकडे वेडे जातात. त्या म्हणाल्या, "आणि माझ्याकडे कोण येतात, शहाणे?"

जहाज गेलं. मी नव्हतो त्याच्यावर.

आता तुला काय वाटायचं ते वाटू दे. पण लिही. शिव्या लिही.

शहाता


कफ्र अल्-हल्फा, २० डिसेंबर

शहाता,

शिव्या लिहायला बसले होते. कागद कमी पडले.

मला कळलं नाही. खरं सांगते, चार वेळा वाचलं तरी कळलं नाही. माणूस स्वतःला का दुखवेल? मी तुला लहानपणी काही केलं का? भुकेलं ठेवलं का? भाऊजींना विचारावंसं वाटलं, पण नाही विचारलं, तू गल्लीला नको म्हणालास आणि भाऊजी म्हणजे अर्धी गल्लीच.

मग मी शिवणाच्या मशीनवर बसले आणि कुणाच्या तरी उशीचा अभ्रा चारही बाजूंनी शिवून टाकला. उशी आत घालायला जागाच ठेवली नाही.

तुझ्यावर रागावले मी, कारण खोटं बोललास. स्वतःवर रागावले, कारण खोटं मीच शिकवलं. मला ते आवडलं होतं, शहाता. भाऊ रक्त विकून भाचीचा संसार मांडतो, हे सांगताना माझी मान ताठ होत होती. आजारी भाऊ म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. आता उचलते. गल्लीत सांगितलं, "माझ्या भावाने रक्त विकलं नाही, माझी समजूत चुकली. तो आजारी आहे, उपचार घेतोय." बरकात म्हणाला, "काय आजार?" म्हटलं, "तुझं तोंड बंद होत नाही हा जसा आजार आहे, तसा एक." इमामांनाही सांगून आले. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास.

सलमाला सगळं सांगितलं, तिला आडपडदा ठेवून चालत नाही. ती म्हणाली, "मामाला एकटं का ठेवलंय तिथे?" आणि उठून जेवली. सासूने फ्रिज ठेवून घेतला, पोरगीही ठेवून घेतली. बदकाचं मात्र बोलून दाखवते.

मी निघू का? रात्रीच्या गाडीने एका दिवसात येते. लग्न आहे, काम आहे, सगळं आहे, ते राहू दे. पण तुला न विचारता आले तर तू पुन्हा गाव बदलशील, म्हणून विचारते. हो किंवा नाही, एवढंच लिही.

गोळ्या घे. जेवणानंतर चहा नको. दार वाजव, त्या बाईंचं. किंवा कुणाचंही.

इन्साफ


किना, ४ जानेवारी १९९४

ताई,

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. नसांचा डॉक्टर इथेच. माझ्या शेजारी एक म्हातारा आहे, तो मला दर थोड्या वेळाने विचारतो, "तुझा कोण?" म्हणजे कुणासाठी आलास. मी सांगितलं, माझा मीच. त्याने मान हलवली, जणू हे बरोबरच आहे.

मधल्या दिवसांत दोनदा दार वाजवलं इव्हेतबाईंचं. एकदा त्यांनी मला भांडी घासायला लावली, त्यांच्या घरची. एकदा वाजवलं नाही. ते आधी सांगतो, नाहीतर पुन्हा थापांची सवय लागेल. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. त्यांनी पुन्हा बांधलं आणि म्हणाल्या, "सांगितलंस ना, मग ठीक. सुरुवात पुन्हा इथून." काटा मात्र थोडा हललाय. थोडाच. शिडी चढलो आणि काळोख आला नाही.

अर्ध्या तासापूर्वी नर्सबाई बाहेर आली. म्हणाली, "पहिल्या भेटीला घरचं कुणी तरी लागतं. कोण आलंय सोबत?" म्हटलं, कुणी नाही. "मग पंधरा दिवसांनी, मंगळवारी कुणाला तरी घेऊन ये, आज नुसतं नाव लिहून जा." ताई, माझं मन असं उडी मारून उठलं! वाटलं, सुटलो, नियमच तसा, माझा काय दोष. दवाखान्यासमोरच बसचा अड्डा आहे. कैरोच्या बसचा कंडक्टर "एक जागा, एक जागा" ओरडत होता, माझ्याकडे बघूनच ओरडत होता असं वाटलं. उठून दारापर्यंत गेलो. पाकीट खिशात, पिशवी खांद्याला. कैरोत मला कुणीच ओळखत नाही.

मग परत आलो आणि नर्सबाईकडे कागद मागितला. तिने नोंदवहीतलं एक कोरं पान फाडून दिलं.

तू विचारलंस, हो की नाही. मी आजवर कुणालाच "ये" म्हटलेलं नाही, बापूंनाही नाही, तुलाही नाही. कसं लिहायचं तेही माहीत नाही, म्हणून तसंच लिहितो.

ये, ताई. अठरा तारखेला, मंगळवारी, सकाळी. मी याच बाकावर असेन.

कैरोची बस आत्ता सुटली. मी तिच्यात नाही.

शहाता